सहावा मुलगा आणि मणाला शेर

आमच्या न्यासाची महोत्सवी स्मरणिका निघत आहे, तीत आपणही काही लिहावे, अशी संपादक मंडळाची आज्ञा झाली तेव्हा आम्ही विषयाच्या शोधात फार हिंडलो नाही. विषय वर्गातच भेटला. नववीच्या मुलांना आम्ही आदर्श समाजावर निबंध लिहावयास सांगितला होता. वह्या तपासताना दिसले की बहुतेकांच्या आदर्श समाजात चोर नाहीत, भांडणे नाहीत, रस्ते स्वच्छ आहेत आणि सर्वजण सुखी आहेत. एका मुलाने मात्र शेवटी उलट आम्हांलाच प्रश्न लिहिला होता : "सर, त्या समाजात संडास कोण साफ करतो, पैसा कोणाच्या नावावर असतो, आणि एखाद्याने ऐकले नाही तर काय करतात?"

त्या वहीवर किती गुण द्यावेत, हे आम्हांस बराच वेळ सुचले नाही. कारण आदर्श समाजाची जी जी चित्रे आजवर रंगविली गेली, त्यांची परीक्षा या तीन प्रश्नांनीच होते. काम कोणी करावे, संपत्ती कोणाची, आणि कायदा कोण करतो.

पुस्तकांत ही चित्रे पुष्कळ आहेत. दहाव्या शतकातील तत्त्वज्ञ अल-फाराबी याने सद्गुणी नगरीवर ग्रंथ लिहिला, त्यात नगरीला निरोगी शरीराची उपमा दिली : प्रत्येक अवयवाचे काम निराळे, पण सारे हृदयाच्या आज्ञेत. इंग्लंडच्या टॉमस मोर याने १५१६ साली 'युटोपिया' नावाचे एक बेट कल्पिले. तेथे प्रत्येकाने दिवसातून फक्त सहा तास काम करावयाचे, कोठारातून लागेल तेवढे न्यावयाचे. कायदे अगदी थोडे आणि वकील मुळीच नाहीत. आमच्या वकील स्नेह्यांस हे वाचून दाखविले तेव्हा ते हसले, पण फार नाही. मात्र मोरसाहेबांच्या बेटावर जनावरे कापण्यासारखी नकोशी कामे गुलाम करीत. म्हणजे आमच्या विद्यार्थ्याच्या पहिल्याच प्रश्नाला ते बेट नापास झाले. आपल्याकडील रुकैया बेगमांनी १९०५ साली 'सुलतानाज ड्रीम' ही इंग्रजी कथा लिहिली. तीत स्त्रिया सूर्याच्या उष्णतेवर स्वयंपाक करतात, दिवसाचे काम दोन तासांत उरकतात, आणि पुरुष पडद्यात बसून मुले सांभाळतात. ही कथा आमच्या घरी फार आवडली. का, ते सांगण्याची आवश्यकता नाही.

पण हे सारे कागदावरचे. आम्हां हैदराबादकरांचे भाग्य असे की, असा एक समाज जमिनीवर उभा करण्याचा प्रयत्न आपल्या शहरापासून पन्नास किलोमीटरच्या आत सुरू झाला, आणि तो सुरू करणारा मनुष्य मराठी बोलणारा होता.

१९५१ सालचा मार्च महिना. वर्ध्याजवळ पवनार येथे धाम नदीच्या काठी विनोबा भावे यांचा परंधाम आश्रम आहे. तेथे त्या वेळी एक विलक्षण प्रयोग चालला होता. त्याला ते कांचनमुक्ती म्हणत. पैशाला आश्रमात स्थान नाही. खावयाचे ते पिकवावयाचे, नेसावयाचे ते विणावयाचे. बैलही नकोत म्हणून आश्रमवासी स्वतःच रहाट ओढून विहिरीचे पाणी काढीत व हातांनीच शेती करीत. अशा वेळी हैदराबादजवळच्या शिवरामपल्लीस सर्वोदय संमेलन भरावयाचे होते. विनोबांनी पैशाची गाडी सोडून पायांची गाडी धरली. ८ मार्चला ते निघाले आणि सुमारे तीनशे मैल चालून एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात शिवरामपल्लीस पोचले. आज त्याच शिवरामपल्लीत पोलीस अधिकाऱ्यांना शिक्षण देणारी राष्ट्रीय अकादमी आहे. कायद्याचे रक्षक तयार होतात ते ठिकाण, आणि कायद्यावाचून जमीन वाटावयास निघालेला मनुष्य जेथून चालू लागला ते ठिकाण, एकच. हा योगायोग आम्हांला शहरातून जाता-येता नेहमी आठवतो.

तेव्हाच्या तेलंगणाची स्थिती आपल्या वडीलधाऱ्यांनी पाहिलेली आहे. जहागीरदार आणि देशमुख यांच्याकडे हजारो एकर, आणि ज्यांचे हात त्या जमिनीत राबत त्यांच्याकडे काही नाही. वेट्टीची, म्हणजे फुकट राबवून घेण्याची, चाल खेड्याखेड्यांत होती. १९४६ पासून कम्युनिस्टांच्या पुढारीपणाखाली सशस्त्र लढा पेटला होता. १९४८ च्या सप्टेंबरात पोलीस कारवाई झाली, १९४९ मध्ये जहागिरी गेल्या, १९५० मध्ये कुळांसाठी कायदा झाला. तरी रात्री बंदुकीची भीती आणि दिवसा शिपायांची भीती अशा कात्रीत खेडी सापडलेली होती. संमेलन आटोपल्यावर विनोबा म्हणाले की, आपण परत जाताना याच मुलखातून पायी जाऊ. निघण्यापूर्वी हैदराबादच्या तुरुंगात जाऊन त्यांनी कम्युनिस्ट बंदिवानांचीही भेट घेतली.

१८ एप्रिल रोजी ते नळगोंडा जिल्ह्यातील पोचमपल्लीस आले. सकाळी दलित वस्तीत गेले. तेथील चाळीस घरांच्या लोकांनी सांगितले, आम्हांला दुसरे काही नको, कसावयास जमीन हवी. किती? ऐंशी एकर पुरे. निम्मी कोरडवाहू, निम्मी पाण्याची. येथे आम्ही वर्गात नेहमी थांबतो. पाहा, त्या लोकांनी हजार एकर मागितले नाहीत, दुसऱ्याचे घर मागितले नाही. हिशेब करून घरामागे दोन एकर मागितले. आदर्श समाज कल्पिणाऱ्या विद्वानांना जे आकडे सहसा सुचत नाहीत, ते या निरक्षर माणसांनी उभ्या उभ्या सांगितले.

विनोबांनी प्रथम सरकारकडे अर्ज करण्याचे बोलून दाखविले. मग त्यांनाच काय वाटले कोणास ठाऊक. तेथे जमलेल्या गावकऱ्यांस त्यांनी विचारले, सरकारकडून मिळेल तेव्हा मिळेल, तुमच्यापैकी कोणी काही करू शकेल काय? तेव्हा वेदिरे रामचंद्र रेड्डी नावाचे जमीनदार उठले आणि शंभर एकर देतो म्हणाले. भूदानाचा आरंभ हा असा, एका प्रश्नातून झाला. पुढे एक्कावन्न दिवस विनोबा तेलंगणात हिंडले आणि १२,२०१ एकर जमीन मिळाली.

त्यांची मागण्याची रीत साधी होती. ज्याला पाच मुलगे असतील त्याने मला सहावा मुलगा समजावे आणि माझा वाटा मला द्यावा. तो मी गरिबाला देईन. वाटा, भीक नव्हे. दान याचा अर्थ ते समान वाटणी असा करीत. आमच्या धर्मात जकात आहे. तिचेही मर्म हेच की, श्रीमंताच्या मालात मागणाऱ्याचा आणि वंचिताचा ठरलेला हक्क आहे. देणारा उपकार करीत नाही, दुसऱ्याचे जे आपल्याकडे राहिले ते परत करतो. विनोबांनी अरबी शिकून कुराणाचा अभ्यास केला होता आणि १९६२ च्या सुमारास त्यांचे 'कुराणसार' प्रसिद्ध झाले, हे येथे सांगण्यास हरकत नाही.

परंतु जमीन दान मिळणे ही एक गोष्ट, आणि समाज निराळ्या रीतीने चालणे ही दुसरी. हे विनोबांच्याही लवकरच ध्यानात आले. १९५२ साली उत्तर प्रदेशातील हमीरपूर जिल्ह्यात मंगरोठ नावाच्या गावाने आपली सारी जमीनच देऊन टाकली. तेथून भूदानाचे ग्रामदान झाले. ओरिसात कोरापुट जिल्ह्यात अशी पुष्कळ गावे पुढे आली. १९५७ च्या सप्टेंबरात म्हैसूरजवळ येलवाल येथे परिषद भरली, तीत राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद व पंडित नेहरू होते आणि केरळचे कम्युनिस्ट मुख्यमंत्री नंबूद्रिपाद हेही होते. ज्या तेलंगणात सहा वर्षांपूर्वी बंदुका चालल्या, त्यातून निघालेल्या विचाराला दोन्ही बाजूंनी मान हलविली, हे थोडे नव्हे.

आता आमच्या विद्यार्थ्याचे तीन प्रश्न ग्रामदानी गावाला विचारून पाहू. पुढे 'सुलभ ग्रामदान' या नावाने जी रीत ठरली तीच घेऊ, कारण तिचे आकडे स्पष्ट आहेत.

संपत्तीचा प्रश्न प्रथम. गावातील तीन-चतुर्थांश लोक तयार झाले आणि निम्म्याहून अधिक जमीन आली की गाव ग्रामदानी. जमिनीची मालकी ग्रामसभेची. पण म्हणून ती शेतकऱ्याच्या हातून काढून घेत नाहीत. प्रत्येकाने आपल्या जमिनीचा विसावा भाग भूमिहीनांसाठी काढून द्यावयाचा; उरलेले एकोणीस भाग त्याने कसावे, त्याच्यामागे त्याच्या मुलांनी कसावे. एवढेच की ती जमीन बाहेरच्या माणसास विकावयाची नाही व सावकाराकडे गहाण टाकावयाची नाही.

मग ग्रामकोष. पीक निघाले की चाळिसावा हिस्सा ग्रामकोषात. आपल्या जुन्या मापात मणाचे चाळीस शेर होत, म्हणजे मणामागे एक शेर. नोकरदाराने महिन्यातून एक दिवसाचा पगार द्यावयाचा, मजुराने एक दिवसाचे श्रम. वाचकांपैकी जे आमच्या समाजाचे आहेत त्यांच्या हे एव्हाना ध्यानात आले असेल, की जकातीचेही प्रमाण चाळिसात एक हेच आहे. एकाने दुसऱ्यावरून घेतले असे आमचे म्हणणे नाही, तसा पुरावा आमच्याजवळ नाही. पण चाळीस शेरांतून एक शेर काढला तर घरातले पातेले रिकामे पडत नाही, आणि शंभर घरांचा एक एक शेर जमला तर गावातील विधवेचे पातेले भरते. हा अनुभव निरनिराळ्या देशांतील माणसांना निरनिराळ्या काळी आला असावा. वर्गात आम्ही मुलांना हे गणित घालतो. ते सोपे आहे, पण उत्तर आल्यावर मुले थोडा वेळ गप्प बसतात.

कामाचा प्रश्न. येथे सहा तास किंवा दोन तास असा नेम नाही. शेती ज्याची त्याने करावयाची. एकत्र शेती सक्तीची नाही. श्रमदानात मात्र प्रत्येकाचा हात लागावा अशी अपेक्षा. ज्याच्याजवळ जमीन नाही आणि पगारही नाही, तोही आपले श्रम देऊन ग्रामकोषाचा देणेकरी होतो, नुसता घेणेकरी राहत नाही. आमच्या मते या योजनेतील सर्वांत शहाणपणाची गोष्ट ही. कारण जो नुसता घेतो त्याची मान खाली जाते, आणि खाली मान घातलेला मनुष्य सभेत बोलत नाही.

आणि सभेत बोलणे हाच तिसऱ्या प्रश्नाचा गाभा. येथे बहुमत नाही, सर्वसंमती आहे. शंभरांत एकावन्नांनी हात वर केले म्हणून एकोणपन्नासांनी मुकाट्याने बसावे, असे नाही. सर्वांचे मन वळेपर्यंत बोलावयाचे. ऐकावयास हे फार गोड वाटते. पण आमच्याच न्यासाचे उदाहरण घ्या. शिष्यवृत्ती गुणांवर द्यावी की गरजेवर, हा निर्णय करावयास आपल्याला तीन वार्षिक सभा लागल्या, हे जुन्या सभासदांस आठवत असेल. तिसऱ्या सभेत चहा दोनदा करावा लागला होता. मग पाचशे वस्तीच्या गावाने सर्वसंमती कशी करावी?

याचे उत्तर महाराष्ट्रातच मिळते. गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) नावाचे गोंड आदिवासींचे लहानसे गाव आहे. घरे शंभराच्या आसपास. देवाजी तोफा हे तेथील पुढारी, आणि चंद्रपूरचे कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल यांनी या गावाबरोबर राहून अनेक वर्षे काम केले. दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आणि आमच्या गावात आम्हीच सरकार, अशी या गावाची घोषणा आहे. तेथे ग्रामसभेखेरीज एक अभ्यासगट असतो. अभ्यासगटात कोणीही यावे, बाहेरचा जाणकारही बोलवावा, वाटेल तेवढा वाद घालावा. पण निर्णय तेथे घ्यावयाचा नाही. निर्णय ग्रामसभेत, सर्वांच्या संमतीने. वादाची जागा आणि निर्णयाची जागा निराळी केली, की माणसाला वाद घालताना हरण्याची भीती राहत नाही. ही युक्ती आम्हांला इतकी पटली की आम्ही ती शिक्षकांच्या सभेत सुचविली. अजून कोणी नाही म्हटलेले नाही, हो म्हटलेलेही नाही. दारूबंदीसाठी या गावाला पुष्कळ दिवस लागले, कारण जो पितो त्याचीही संमती हवी होती. पण एकदा झालेला निर्णय मोडावयास मग कोणी उरत नाही. तो त्याचाच असतो.

२००६ साली वनहक्काचा कायदा झाला. त्याखाली २००९ मध्ये मेंढ्याच्या ग्रामसभेला सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. देशातील अशा अगदी पहिल्या गावांत ते आहे. तरीही आपल्या जंगलातील बांबू विकावयाचा तर वाहतुकीचा परवाना कोणाचा, यावर अडले. हक्क मिळाला, पण माल गावाबाहेर नेता येईना. अखेर २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश स्वतः गावात आले आणि परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले. पुढे २०१३ मध्ये या गावाने महाराष्ट्राच्या १९६४ च्या ग्रामदान कायद्याखाली आपल्या शेतजमिनीही ग्रामसभेच्या केल्या. म्हणजे विनोबा गेल्यावर एकतीस वर्षांनी त्यांच्या कल्पनेतील गाव त्यांच्याच मुलखाच्या शेजारी उभे राहिले. त्या कायद्याचे पुस्तक इतकी वर्षे बहुतेक धूळ खातच पडले होते. या गावाने ते पुन्हा उघडून वाचले.

ही गोष्ट येथे गोड करून संपविता आली असती. पण तसे करणे वाचकांची फसवणूक होईल. १९५७ पर्यंत पाच कोटी एकर मिळवावयाचे असा संकल्प होता. मिळाले चाळीस लाखांहून थोडे अधिक. त्यातील मोठा भाग दीर्घकाळ वाटलाच गेला नाही. कोठे जमीन खडकाळ, कोठे कज्जेदलालीची, कोठे देणाऱ्याच्या मुलाने ती परत घेतलेली. आमच्या हैदराबादभोवती तर शहर वाढत गेले, एकराचे भाव आकाशास भिडले, आणि भूदानाच्या कितीतरी तुकड्यांवरून न्यायालयांत वाद चालले. दान देताना साक्षीला गाव होते, पण नोंद करावयास कारकून नव्हता, असे कितीदा तरी झाले असावे. आसामात २०२२ साली ग्रामदानाचा कायदाच रद्द केला गेला.

आमचे मत विचाराल तर, चूक दानात नव्हती, दानामागून कायदा आणि ग्रामसभा लवकर चालत आल्या नाहीत यात होती. रामचंद्र रेड्डींचे शंभर एकर ही एका माणसाची थोरवी. मेंढ्याचे अठराशे हेक्टर हे एका सभेचे काम, आणि सभा दर महिन्याला पुन्हा भरते.

आता थोडे स्वतःविषयी, कारण ते न सांगता हा लेख लिहिणे आम्हांस बरे वाटत नाही. आमच्या अब्बांची परभणी जिल्ह्यात सात एकर जमीन होती. ते गेल्यावर आम्हां भावंडांत वाटणी झाली. बहिणीचा हिस्सा तिला मिळाला, याबद्दल आम्हांला समाधान आहे. भाईजानांनी त्यात एक गुंठाही इकडेतिकडे होऊ दिला नाही. पण आमच्या हिश्शाचे अडीच-पावणेतीन एकर आम्ही विकले आणि हैदराबादेत घराचा पहिला हप्ता भरला. घेणारा गावचा नव्हता. जमीन ज्याने वीस वर्षे वाट्याने कसली त्या चाचांना आम्ही विचारले नाही, कारण ते तेवढा भाव देऊ शकणार नाहीत हे आम्हांस ठाऊक होते. पुढे भाईजान एवढेच म्हणाले, "तुझं नावावर होतं, तू विकलंस. पण चाचाला सांगायला पाहिजे होतं." ग्रामदानी गावात हा व्यवहार झालाच नसता. झाला असता तर सभेत होऊन झाला असता, आणि चाचा तेथे बसलेले असते.

गेल्या हिवाळ्यात आम्ही त्या नववीच्या वर्गाला घेऊन पोचमपल्लीस गेलो. गावाला आता भूदान पोचमपल्ली म्हणतात. जिल्हा यादाद्री भुवनगिरी झाला आहे. विणकरांच्या इकतसाठी हे गाव जगभर ठाऊक आहे, आणि २०२१ साली जागतिक पर्यटन संघटनेने उत्तम पर्यटन गाव म्हणून त्याला निवडले. मुलींनी धाग्यांची बांधणी आणि रंगणी फार बारकाईने पाहिली. विनोबांच्या स्मारकापाशी मुले थोडी कंटाळली, ते खोटे कशाला बोलावे. परत येताना गाडीत तोच प्रश्न विचारणारा मुलगा आमच्याशेजारी येऊन बसला. म्हणाला, "सर, शंभर एकर देणारे पहिले उठले, ते कळलं. दुसरं कोण उठलं?"

आम्हांला नाव सांगता आले नाही. पण बारा हजार दोनशे एक एकर झाले, म्हणजे कोणीतरी उठले असणारच, हे त्याला हिशेबाने पटले.

न्यासाच्या पुढील सभेपुढे आम्ही एक सूचना ठेवीत आहोत, ती येथेच नोंदवितो. प्रत्येक कमावत्या सभासदाने महिन्यातील एका दिवसाची मिळकत शिष्यवृत्ती निधीस द्यावी. आणि ज्या घरांतील मुलांना शिष्यवृत्ती मिळते त्या घरांनी महिन्यातून एक दिवस वाचनालयात किंवा रात्रीच्या वर्गात काम करावे, म्हणजे तीही घरे देणाऱ्यांच्या यादीत येतील. आमचा पहिला हप्ता खजिनदारांकडे जमा केला आहे. सूचनेवर हात मोजू नयेत, बोलणे व्हावे, अशी आमची विनंती आहे. चहाची व्यवस्था आम्ही करू.